ओल्या मातीचं नाणं

सालिहलीजवळून,
९ सप्टेंबर १९७५

प्रिय मुझेय्येनताई,

सलाम. तुझी साखर आटोक्यात असेल, दाजींचा खोकलाही थांबला असेल. इकडे द्राक्षं वाळत घातलीत, यंदा मनुका टपोऱ्या होणार. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतंय.

तुझा वुराल बागेच्या कामाला आला तो घरचाच झाला. पोरगा कष्टाळू आहे, ताई. जेवतो मात्र चिमणीएवढं.

गेल्या आठवड्यात त्याने माझ्यापुढे चांदीचं नाणं ठेवलं. त्यावर गुडघा टेकलेला इराणी धनुर्धारी, खाचेत अजून ओली माती. माझा संग्रह परवान्याचा, प्रत्येक नाणं सरकारला दाखवलेलं. हे कुठलं, ते वासावरूनच कळलं.

"जुन्या राजांच्या थडग्यांच्या टेकाडात शिरलास?"

"मामा, नाणं बघा की. माती काय बघताय?"

मी नाणंच बघितलं. वर म्हणालो, "याच्या शेजारी ग्रीकांचं घुबडछाप नाणं शोभेल."

आपल्याकडे टेकाडात खणताना तोंड उघडत नाहीत, तुला माहीतच आहे. बोललं की चांदीचा कोळसा होतो म्हणतात. काल दुपारी मी त्याच्यासाठी भाकरी आणि ऑलिव्ह घेऊन टेकाडावर गेलो. त्याने खणलेल्या भुयाराच्या तोंडाशी त्याचा कोट पडलेला. हाक मारली, उत्तर नाही. मला हसू आलं. "बोलू नकोस बाबा, माझं घुबड काळं पडेल," असं आत वाकून म्हणालो, भाकरी ठेवली नि परतलो.

तो घरी आला नाही. सकाळी गेलो तर भाकरी तशीच, कोट तसाच. कंदील आत धरला. थोड्याच अंतरावर वाट मातीने बुजलेली.

गाव फावडी घेऊन धावलं. मी ठाण्यात जाऊन नाण्यांची पेटी टेबलावर ठेवली, धनुर्धाऱ्यासकट, आणि सगळं सांगितलं. आता शहरातून यंत्र येतंय. ठाणेदार म्हणाला, "म्हातारबा, कालच का नाही आलात?" याचं उत्तर मला तुलाही द्यायचंय.

खणणारे मधूनच थांबतात, मातीला कान लावतात. सगळं टेकाड गप्प होतं. तेव्हा, ताई, मी भुयाराशी वाकून सांगतो, "वुराल, बोल रे. होऊ दे कोळसा."

शेजारचा शाबान हे पत्र तुला पोचवायला गाडी चालू ठेवून उभा आहे. पत्र वाचलंस की त्याच्याच गाडीने निघ. मला भाऊ म्हणायचं की नाही, ते इथे आल्यावर ठरव.

हिल्मी