माझी झेन गाडी कोणाला मिळणार नाही याबद्दल

मी, शरदिनी विश्वेश्वर सोवनी, वय चौऱ्याहत्तर, बँकेतून निवृत्त, राहणार दुर्गाघाट, वाराणसी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांविषयी काही विचारत नाही. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट मी ते लिहू नये म्हणून दिवाळीपासून घरात बराच गोडवा चालू आहे. माझे धाकटे दीर वेणीमाधव यांनी इतक्या वर्षांत मला कधी पाणी विचारले नाही. ते आता रोज सकाळी चहा झाला का म्हणून विचारतात.

वकिलांनी हिंदीत मसुदा करून दिला आहे, तो सोबत जोडला आहे. वाटणी दोन्हीकडे एकच आहे. फक्त ती तशी का केली, हे मला मराठीतच लिहिता येते.

मला मूलबाळ नाही. पती विश्वेश्वर नऊ वर्षांपूर्वी गेले. मी मृत्युपत्र न करता गेले तर माझे सगळे पतीच्या वारसांकडे, म्हणजे वेणीमाधव भाऊजींकडे जाईल. हा कायदा मला वकिलांच्या आधी भाऊजींनीच सांगितला, जेवताना, कढी वाढून घेत. त्यांची सून माझी गाडी चालवते, त्यावरून त्यांचे शब्द असे: "वहिनी, तुम्ही आहात तोवर सूनबाईला गाडी चालवू द्या. तुमच्या माघारी काय करायचं ते मी बघतो."

ते त्यांनी बघू नये म्हणून पुढील कलमे.

कलम १. दुर्गाघाटच्या घरातील दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या वाटणीच्या दोन खोल्या मी वेणीमाधव भाऊजींना देते. त्यांच्या खिडकीतून समोरच्यांची पाण्याची टाकी दिसते आणि माझ्या खिडकीतून गंगा दिसते, हे दुःख त्यांनी वाटणी झाल्या दिवसापासून जपले आहे. ते मी संपवते. अट एकच. खाली कलम ३ मध्ये गाडीची आणि शेडची जी व्यवस्था केली आहे, तिच्याविरुद्ध त्यांनी किंवा त्यांचा मुलगा यज्ञेश याने कोर्टात, आरटीओत किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हरकत घेतली, तर खोल्या माझी शेजारीण इंदू हिला जातील. इंदूकडे मांजरे आहेत. भाऊजींना मांजरे चालत नाहीत.

कलम २. बँकेतील ठेवी माझी नागपूरची भाची मालविका हिला द्याव्यात. ती फोन करते आणि तब्येत विचारून झाल्यावर लगेच फोन ठेवत नाही.

कलम ३. माझ्या नावावरची २००४ सालची मारुती झेन, पेट्रोल, रंग मुळात चंदेरी, आजवर दोन लाख ऐंशी हजार किलोमीटरच्या वर चाललेली, आणि आशापूरची पत्र्याची शेड तिच्याखालच्या जागेसह, ही दोन्ही मी यज्ञेशची पत्नी वैदेही हिला तिच्या एकटीच्या मालकीने देते. दुर्गाघाटच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. शेडशिवाय गाडी देणे म्हणजे न देण्यासारखेच, म्हणून दोन्ही.

एवढे किलोमीटर कसे झाले, हेही नोंदवून ठेवते. भाऊजी तीर्थोपाध्याय. त्यांचे यजमान महाराष्ट्रातून काशीला येत, मग त्यांना प्रयाग आणि गया करायचे असे. यजमान त्यांचे, पूजा त्यांची, दक्षिणा त्यांची आणि गाडी आमची. आधी विश्वेश्वर चालवत. त्यांची नजर गेली तेव्हा मी शिकले. भाऊजी तेव्हा म्हणाले होते, "बाई चालवणार म्हटल्यावर यजमान बसतील का?" बसले. मागच्या सीटवर घोरलेही. गयेला पिंडदान चालू असे तेव्हा मी गाडीत बसून गाडीबरोबर मिळालेले पुस्तक वाचत असे, कारण दुसरे काही वाचायला नसे. त्या पुस्तकामुळे मला कळले की गॅरेजवाला दर वेळी कोणते काम न करता त्याचे बिल लावतो.

त्याचे नाव लिहीत नाही. एकदा गाडी देण्याआधी मी ऑइल फिल्टरवर नेलपॉलिशचा ठिपका लावला. संध्याकाळी बिलात नवा फिल्टर होता आणि इंजिनाला तोच ठिपक्याचा. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "माताजी, कंपनीवालेही लाल निशान लगाके भेजते हैं." त्या दिवसापासून ऑइल मी स्वतः बदलते.

यावर घरात निर्णय झाला. गौरींच्या दिवशी भाऊजींनी माझ्या नखांतल्या काळ्या ऑइलकडे पाहिले आणि म्हणाले, "या हातांनी नैवेद्याला शिवू नका." मी शिवले नाही. पुरण वाटायचे काम जाऊबाईंकडे गेले आणि मी दर वर्षी गौरींना शेडमध्ये निवांत बसू लागले. भाऊजींनी माझ्यावर केलेला हा एकमेव उपकार. हातांचा विटाळ होता, पण त्याच हातांनी चालवलेल्या गाडीतून प्रयागला जायला त्यांना कधी अडचण वाटली नाही.

आता मागच्या दसऱ्याविषयी. वैदेहीला चुनारच्या पलीकडे सरकारी कन्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची नेमणूक मिळाली होती. दिवाळीआधी हजर व्हायचे होते. बस जिथे सोडते तिथून शाळेपर्यंत काही मिळत नाही. मी म्हटले, झेन घेऊन जा. ती माझ्याजवळ गाडी शिकली आणि परवानाही काढला. सून रोज एकटी गाडी चालवत गंगेपार जाणार हे भाऊजींना सोसवत नव्हते, पण नाही म्हणायला शास्त्राधार सापडत नव्हता.

दसऱ्याला सगळे शेडमध्ये गाडीची पूजा करायला आले. मी बॉनेट उघडून ऑइल भरायच्या तोंडाचे झाकण काढून ठेवले होते. जुने इंजिन थोडे ऑइल पिते, ते वरून घालायचे होते. तेवढ्यात झेंडूची माळ राहिली म्हणून कोपऱ्यावर गेले. परत आले तर भाऊजी घंटा वाजवत होते. मी ऑइल घातले, झाकण लावले, आणि आम्ही गाडी सारनाथपर्यंत फिरवून आणली.

दोन-तीन दिवसांनी ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली तर तिच्यावर दुधाचा चहा. इंजिनात पाणी गेले की ऑइल असे होते. गॅरेजवाल्याला बोलावले. तो म्हणाला, "हेड गया, माताजी. दूध निकल रहा है. इसमें अब कुछ नहीं बचा." यज्ञेशचा चेहरा उजळला. "काकू, गाडी खतम आहे. एक्सचेंजमध्ये टाकू या, मी तसंही नवी घेतोय."

"नवी वैदेही चालवणार?"

"काकू, नवी गाडी आहे. कुठे ठोकली तर?"

भाऊजींनी डोळे मिटले आणि म्हणाले, "महादेवाचीच इच्छा दिसते. सूनबाई, शाळेला कळवून टाक."

मी रेडिएटर पाहिला होता. तो काठोकाठ भरलेला होता. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गेले असते तर तिथले पाणी ऑइलमध्ये उतरून कमी झाले असते. जेवायला बसल्यावर मी मोठ्याने विचारले, "मग आत पाणी आलं कुठून?"

वैदेही भात वाढत होती. तिने भांडे खाली ठेवले. "बाबांनी घातलं."

"काय घातलं?"

"गंगाजल. तुम्ही माळ आणायला गेला होता तेव्हा. पळी पळी करत अख्खं फुलपात्र. मंत्र म्हणत होते. मला वाटलं ते पाण्याचंच तोंड आहे."

"वैदेही, चुप," यज्ञेश म्हणाला.

भाऊजींनी घास संपवला. "इंजिनाचं मुख ते. देवतेच्या मुखी तीर्थ घातलं. गंगाजलाने कधी कोणाचं वाईट झालंय?"

"भाऊजी, मुखात गंगाजल घालतात ते माणूस आता जाणार असं ठरल्यावर," मी म्हटले. "आणि गाडी तुम्हाला घालवायचीच नव्हती, तर तो गॅरेजवाला हेड गेलं म्हणत होता तेव्हा तुम्ही सांगितलं का नाही?"

"मला कोणी विचारलं नाही."

पाणी घातले याचा मला राग नाही. अज्ञान त्यांना नवीन नाही. पण सून घरी राहते आहे असे दिसल्यावर ते गप्प राहिले, आणि वर ते महादेवाच्या नावावर लावले. घरातल्या कोणाची हिंमत होत नसताना, त्याच घरात राहायचे असताना, वैदेही बोलली. गाडी तिला देण्याचे कारण हे. ती चांगली चालवते हे त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी ती गाडीखाली गेली आणि मी स्टुलावर बसून सांगत गेले. ते दुधट ऑइल काढले, स्वस्तातले घालून इंजिन थोडे चालवले, ते काढले, पुन्हा तसेच केले. नंतर चांगले ऑइल आणि नवा फिल्टर. पट्टी स्वच्छ निघाली. ती वेळेत शाळेत हजर झाली. यज्ञेशने आजपर्यंत गॅरेजवाल्याला फोन करून सांगितलेले नाही की हेड गेले नव्हते.

कलम ४. शेडमधील जॅक, दोन लोखंडी घोड्या, पान्हे, ऑइल काढायची परात आणि विश्वेश्वरांचा चामडी पट्टा, जो घट्ट बसलेल्या फिल्टरला गुंडाळून ओढायला लागतो, हे सगळे वैदेहीला. वैदेही, पुढचे तुझ्यासाठी.

इंजिन कोमट असताना ऑइल काढ, तापलेले असताना नाही. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कधीही शिरू नकोस. घोड्या त्यासाठी आहेत. ऑइल सोडायच्या खालच्या बोल्टचे वायसर दर वेळी नवे टाक आणि बोल्ट बेताने आवळ. यज्ञेशने एकदा मदत म्हणून पान्ह्याला पाइप लावून तो आवळला होता. आटे गेले. नवे आटे पाडून आणेपर्यंत गाडी पंधरवडा उभी होती आणि यज्ञेश सगळ्यांना सांगत होता की जुन्या गाड्यांचे असेच असते. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लाव आणि तो हातानेच बसव. इंजिन आतून धुऊन देतो म्हणणाऱ्याला शेडच्या बाहेरूनच परत पाठव. या वयात आतले जुने काही सुटले तर गाडी गळायला लागते. दर रविवारी पट्टी पाहा. ऑइल काळे झाले म्हणून घाबरू नकोस, ते त्याचे काम करते आहे. कमी झाले तर घाल.

काढलेले ऑइल डब्यात भरून भंगारातल्या माणसाला दे, जो ते शुद्ध करायला पाठवतो. भाऊजी म्हणतात नाल्यात ओतावे. तो नाला वरुणेला मिळतो आणि वरुणा गंगेला. ते रोज पहाटे गंगेची आरती करतात, म्हणून त्यांना आठवण करून देते.

कलम ५. यज्ञेशला गाडीत डाव्या बाजूला बसता येईल, वैदेहीने बोलावले तर. गाडी विकणे, बदलणे, गहाण ठेवणे किंवा तिच्याविषयी मत देणे, यांपैकी कशाचाही अधिकार त्याला नाही. उद्या वैदेहीलाच गाडी भंगारात द्यावीशी वाटली तर तिने खुशाल द्यावी. मी तिला गाडी देते आहे, व्रत नाही.

कोणी विचारेल, एवढे आहे तर आजच तिच्या नावावर का करत नाही? रविवारी मी अजून स्वतः सारनाथपर्यंत जाते, आणि किल्ली कोणाकडे मागायची मला सवय नाही. वैदेहीकडेही नाही.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी इंदूने करावी. तिला भाऊजींचा दरारा वाटत नाही.

हे सर्व आज सकाळी साक्षीदारांसमोर मी मोठ्याने वाचून दाखवले. वेणीमाधव भाऊजी आणि यज्ञेश हजर होते. यज्ञेशने व्हॉट्सअॅपचा उल्लेख काढायला सांगितले, काढला नाही. भाऊजी म्हणाले, "वहिनी, निदान भक्तीने घातलं होतं असं तरी लिहा." लिहिते: गंगाजल भक्तीने घातले होते असे त्यांचे म्हणणे आहे. मग त्यांनी कलम १ पुन्हा वाचायला सांगितले. मी वाचले. मांजरे खरोखर किती आहेत, असे त्यांनी इंदूला विचारले. इंदू म्हणाली, "आत्ता पाच. एक गाभण आहे." भाऊजींनी पेन मागितले.

ठिकाण: दुर्गाघाट, वाराणसी
मंगळवार, १८ मार्च २०२५

शरदिनी विश्वेश्वर सोवनी (सही)

आम्हा दोघांसमोर सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर:
१. डॉ. मुक्ता करंबेळकर, ब्रह्माघाट (सही)
२. केयूर आठल्ये, दुर्गाघाट (सही)

ऐकले. खोल्यांची अट मान्य. गाडीबाबत हरकत नाही.
वेणीमाधव सोवनी (सही)

वैदेही यज्ञेश सोवनी: वाचनाला गैरहजर. तिच्या सहीची गरज नाही. शाळेचा दिवस असल्याने गाडी घेऊन चुनारला गेली आहे.