घसा खाकरणारी आई

प्रिय ठमे,

पिल्लं मजेत आहेत. हे आधी सांगतो, कारण परवा फोनवर तू विचारलंस, “बाबा, इकडे राहायला कधी येताय?” आणि मी पिल्लांचं निमित्त करून फोन ठेवला. निमित्त खोटं नव्हतं. त्यांनी नेमकं तेव्हाच पाण्याचं भांडं पालथं घातलं होतं.

तुझ्या आईने विजेच्या पेटीत उबवायला ठेवलेली बदकाची अंडी ती गेल्यावर मी टाकूनच देणार होतो. पेटी बंद करायला हात घातला, तर आत ऊब होती. घरात दुसरीकडे कुठे नव्हती. मग बटण तसंच राहू दिलं. अंडी फिरवणं, पाणी शिंपडणं मला जमलं. पण विजेरी धरून पाहिल्यावर काही अंड्यांत जीवच दिसेना. ती बाजूला काढताना दर वेळी वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं. शेजारच्या शिंपीणकाकू म्हणाल्या, “अहो, अंड्यांशी बोलावं लागतं. वहिनी बोलायच्या. तुम्ही नुसते बघत बसलात, तर आतल्याला वाटेल घरी कोणी नाही.”

आता अंड्यांशी काय बोलणार? शेवटी मिक्सरचं माहितीपत्रक वाचायला घेतलं. ‘भांडं अर्ध्याहून जास्त भरू नये’ इथवर आलो आणि एका अंड्यातून बारीक आवाज आला. मी उरलेलं सगळं पत्रक वाचून काढलं, हमीच्या अटींसकट, आणि मग रोजच काही ना काही वाचू लागलो.

सात पिल्लं बाहेर आली. त्यातलं एक उभंच राहीना. त्याला दिवसभर सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरलो. संध्याकाळी ते गेलं. नळापाशी खड्डा खणताना मला रडू आलं. आई गेली तेव्हा आलं नव्हतं. काकूंनी खिडकीतून पाहिलं, पण शिलाई मशीन चालूच ठेवली. बरं वाटलं.

बाकीची सहा मात्र माझी पाठ सोडत नाहीत. वाचण्याआधी मी घसा खाकरायचो ना, तेच त्यांच्या कानांत बसलंय. मी खाकरलो की धडपडत, एकमेकांना तुडवत धावत येतात. मी खाकरून पुढे बोललो नाही की आई म्हणायची, “ह्यांचं इंजिन चालू होतं, गाडी काही हलत नाही.” आता निदान डबे तरी मागे लागलेत. काल त्यांना कपडे भिजवायच्या टबात पहिल्यांदा सोडलं. सगळ्यांनी एकदम बुड्या मारल्या आणि मलाच नखशिखांत भिजवलं. मी एवढा हसलो की काकू खिडकीत येऊन म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हीच का ते?”

आता जे सांगायला बसलो ते. फोनवर आपण दोघंही आईचा विषय काढत नाही. तू जेवण विचारतेस, मी औषध घेतल्याचं सांगतो. या घरात तिच्याशिवाय तुला पाऊल ठेववत नाही म्हणून तू मला तिकडे बोलावतेस, हे मला कळतं. पण मला इथे जमतंय. पिल्लांना दाणे टाकताना मी रोज तिच्याबद्दल काहीबाही बोलतो. पहिल्यांदा आवाज फुटत नव्हता, आता फुटतो. फक्त तुझ्या जन्माच्या वेळी ती काय काय बोलली, ते त्यांना सांगितलं नाही. ते तुझं आहे. मी येत नाही, ठमे. तूच ऐकायला ये.

तुझाच, आणि सध्या या सहा जणांचाही,
बाबा