पानगळ्याचा बाक

बारामती, मंगळवार, संध्याकाळ

आज इंदापूरला जाऊन आले. स्क्रीनवर बोटानं खूण काढली की ठरलेल्या माणसाला फोन लागतो, एवढंच माझ्या अ‍ॅपचं काम. तेही चुकतं, अशी शबानाभाभींची तिसरी तक्रार. त्या ब्लाऊज शिवतात. ‘ब्लाऊज झाला’ हा फोन भलतीलाच गेला आणि ती बाई नरसिंहपूरहून एसटीनं हेलपाटा घालून गेली. जाताना मी वैतागलेलीच होते. म्हटलं, यांना वापरता येत नसणार.

भाभींनी फोन पुढं केला. नावाचं पहिलं अक्षर काढा, असं मी सुचवलं होतं. त्यांनी मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला खूण म्हणून तिच्या ब्लाऊजचा गळा दिला होता. पानगळा, मटकागळा, चौकोनी.

"नाव इसरते मी. गळा न्हाय इसरत."

हे मला का सुचलं नाही?

घोळ पानगळ्याचा होता. अ‍ॅप त्याला व्ही गळा समजत होतं. भाभींनी खडूनं कापडावर दोन्ही काढले. "हितं बाक हाय बघा. बाक गेला तर पान कसलं?"

रेघ सरळ यावी म्हणून अ‍ॅपमध्ये बोटाची थरथर पुसताना मी तो बाकही पुसत होते. तिथंच बसून दुरुस्त केलं. पानगळा काढला, फोन बरोबर बाईला लागला.

निघताना विचारलं, माझा नंबर कुठल्या खुणेवर आहे?

"नुस्ती आडवी रेघ. तुमचं माप कुठं घेतलंय अजून?"

मी चपला परत काढल्या.