शिडीच्या बावीस साच्यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची सही लागत नाही.

माझा व्यवसाय गुंतवणुकीचा. लोकांकडून पैसे उभे करून आमची कंपनी छोटे कारखाने विकत घेई, पाच-सात वर्षे लक्ष घालून वाढवी आणि मग विकून टाकी. विकताना प्रत्येक कारखान्यातून मी एक वस्तू घरी आणली. माझे घर असे भरले आहे.

१. राहते घर धाकट्या भावाच्या मुलीला. "आत्या, हे घर नाही, गोदाम आहे," असे ती म्हणते. आता तिनेच आवरावे.

२. वरखाली होणारा दवाखान्याचा पलंग भावाला. हा कारखाना घेऊ नकोस म्हणून त्याने महिनाभर माझे डोके खाल्ले होते. हल्ली पाठ दुखते म्हणून येतो आणि त्याच पलंगावर घोरत पडतो.

३. पोती तोलायचा वजनकाटा माझ्या भागीदाराला. तीस वर्षे आम्ही एका खोलीत बसलो. कारखाना घेण्याआधी तो ताळेबंद तपासायचा, मी कामगारांचे संडास. बहुतेक वेळा दोघांचे मत एकच निघायचे. त्याने या काट्यावर रोज उभे राहावे, डॉक्टर सांगून थकले. माझा त्याच्यावर फार जीव आहे. तोंडावर सांगितले असते तर डोक्यावर बसला असता.

४. शिडीच्या कारखान्याचे बावीस साचे आणि शिडीवर छापायचे जुने नाव, शिडीवाल्यांना.

हे सविस्तर लिहिते. शिडीवाल्यांनी वडिलांचा कारखाना आम्हाला दिला तेव्हा म्हणाले होते, "बाई, तुम्ही आहात म्हणून देतोय." सातव्या वर्षी लोकांचे पैसे परत करायची आमची मुदत संपत आली, गिऱ्हाईक चालून आले आणि मी घाई केली. कारखान्याचे संडास तपासणाऱ्या मी घेणाऱ्याला एक प्रश्न विचारला नाही. त्याला शिड्या नकोच होत्या, जागा हवी होती. चार महिन्यांत टाळे लागले, साठ माणसे घरी बसली. चूक माझी, भागीदाराची नव्हे. साचे भंगारात निघाले तेव्हा मी ते सोडवून आणले. नऊ वर्षे ते माझ्या गाडीच्या जागेत आहेत, दर महिन्याला तेल लावते. गाडी बाहेर उन्हात असते. आणि नऊ वर्षे शिडीवाले माझ्याशी बोललेले नाहीत. त्यांनी साचे घ्यावेत, बाकी माझे काही मागणे नाही.

पुरवणी, आजच सकाळी जोडलेली: कलम चारची प्रत मी शिडीवाल्यांना टपालाने पाठवली होती. सहीसाठी वकीलबाई आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई येऊन बसल्या, दुसऱ्या साक्षीदाराची वाट पाहत होतो, तेवढ्यात शिडीवालेच दारात. प्रत टेबलावर आपटली.

"नऊ वर्षं तेल लावत बसलात, आणि मी घ्यायचं कधी? तुम्ही गेल्यावर?"

"पण घ्याल ना?" मी विचारले.

"मेलेल्या माणसाकडून मी काही घेत नाही." मग वकीलबाईंकडे वळून, "एक साक्षीदार कमी दिसतोय. मी करतो सही."

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही चालणार. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही."

"मग तर झालंच. आणा पेन."

"अहो, मग साचे कसे मिळतील तुम्हाला?" मी म्हटले.

"खाली टेम्पो उभा केलाय, पोरगी बसलीय त्यात. चावी द्या."

चावी दिली. सबब कलम चार रद्द समजावे. आजपासून गाडी सावलीत.

सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार पहिल्या: शेजारच्या डॉक्टरीणबाई
साक्षीदार दुसरे: शिडीवाले (सही उभ्यानेच केली, साचे चढवायला लगेच खाली गेले)

स्थळ: राहत्या घरी, जेवणाचे टेबल
दिनांक: ८ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा