भिंगवाल्याचा जबाब

सोमवार, ३

"काल च— मित्राकडे होतो."

अगदी असंच म्हणाला. जसंच्या तसं लिहिलंय. नऊ वर्षं विमा कचेरीत लोकांचे जबाब ऐकून टाइप करतेय. शब्द अर्ध्यात तुटला की रेघ द्यायची, हा आमचा नियम. रेघ दिसली की साहेब लाल खूण करतात — "इथे माणसानं गोष्ट बदलली."

शनिवारी त्यानं विचारलं, "लग्न करू या?" एकदाही न अडखळता! येत्या रविवारी उत्तर देते म्हणाले. आठवडाभर हवेत तरंगायचं सोडून मी मेली रेघा मोजत बसलेय. च वरून नाव असलेली कुणी आहे की काय?

मंगळवार, ४

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो, म्हणून मी त्याला भिंगवाला म्हणते. आज हॉटेलात वेटरनं विचारलं, काय आणू? "कॉफी." अर्धा कप तसाच टाकला. नेहमीच टाकतो! आवडत नाही तर मागवतोस कशाला? तर म्हणे, सवय. सवयीचे कप रिकामे होतात, राजा!

बुधवार, ५

उद्या किती वाजता भेटायचं? — "तीननंतर तासाभरानं." अरे, सरळ चार म्हण ना!

आई म्हणते, "तुझ्या डोक्यात कचेरी शिरलीय. किती छान हसतो ते बघ." हिला काय, हसरा दिसला की जावई!

गुरुवार, ६

सापडला! बाजारात त्याची चुलत बहीण भेटली. रविवारी दिवसभर तिच्याकडे होता म्हणे, भाचीला सायकल शिकवत. आणि मला सांगितलं, मित्राकडे!

बहिणीकडे जाणं लपवायचं कशाला? एवढीशी गोष्ट, तीही खोटी. मग मोठ्या गोष्टींचं काय? चारला भेटायला गेलेच नाही. डोकं दुखतंय असं कळवलं आणि पोटभर रडले. मला हा माणूस हवाय, हेच तर दुखणं आहे.

शुक्रवार, ७

सगळे मुद्दे कागदावर काढले आणि दुपारी दुकानात जाऊन त्याच्यासमोर आपटले.

वाचता वाचता कान लाल झाले त्याचे. मग म्हणाला, "च—" आणि या वेळी शब्द बदलला नाही. च-च-च... मान ताणलेली, डोळे मिटलेले, दोन्ही हातांनी काउंटर घट्ट धरलेला. मी घाबरून पाणी आणायला उठले, तर हातानंच बस म्हणाला. बसले. किती वेळ गेला, देव जाणे.

"...चुलत बहिणीकडे."

लहानपणापासून या एका अक्षरावर जीभ अडते. शब्दाच्या तोंडी च आला की संपलं! मग घाईत सुचेल तो सोपा शब्द उचलायचा. कॉफी सोपी. तीननंतर तासाभरानं, तेही सोपं. "आणि धंदा कसला धरला, तर च-च-चष्म्याचा!" दोघं इतके हसलो की शेजारचा घड्याळवाला डोकावून गेला.

पण मीही काही कमी नाही. म्हटलं, मित्राकडे होतो हे खोटंच ना?

"हो, खोटंच. तू हसशील अशी भीती वाटली." नजर न चुकवता म्हणाला. इतका सरळ जबाब नऊ वर्षांत टाइप केलेला नाही मी.

शनिवार, ८

साहेबांच्या टेबलावर एका आजोबांचा जबाब. अकरा रेघा, अकरा लाल खुणा. रेघा माझ्याच हातच्या. म्हटलं, साहेब, आधी यांना एकदा समोर बसवून ऐका. साहेबांनी चमकून पाहिलं, पण फाइल बाजूला ठेवली.

रविवार, ९

भिंगवाल्या, वाचलंस सगळं? तुला काय काय म्हटलंय तेही? रागावलास तर खुशाल रागाव, पण तुला दिलेली ही वही परत द्यायला तूच ये.

हो. माझं उत्तर हो आहे.