पावसाला जा म्हणलो

तीर्थरूप मायला महारुद्रचा डोंगरावरून नमस्कार.

मी मजेत हाय. रेंज न्हाई, म्हणून चालत खाली निघालेल्या पोस्टमनजवळ हे पत्र देतोय.

वैशाख संपत आला तरी इथल्या आभाळाचं डोकं ठिकाणावर न्हाई. सकाळी ऊन, दुपारी गारांचा पाऊस, संध्याकाळी बर्फ. आम्ही जेसीबीनं दरड काढावी, की दुसऱ्या दिवशी तिथंच नवी. अन् याच रस्त्यानं मला प्राचीच्या लग्नाला यायचंय! सुट्टी मंजूर होऊन खिशात पडलीय.

भाऊ म्हणून कानपिळीला मीच उभा राहणार, असं तिला सांग. न्हाईच पोचलो तर मामाच्या जीवनला उभा करा, पण नवरदेवाचा कान जोरात पीळ म्हणावं.

गावाकडं ताडकळसला ऊन लय हाय का? आबा भर दुपारी शेतात जातेत का अजून?

आपल्याकडं पावसाला कुणी नको म्हणलं तर आबा ताटावरून उठतेत. काल मात्र माझा तोल गेला. आभाळाकडं बघून 'जा की इथून!' म्हणून ओरडलो. लगेच जीभ चावली अन् म्हणलो, 'आमच्या ताडकळसला जा.' मग लग्नाचा मांडव आठवला.

तेवढी ताडपत्री आणून ठेवा. आबाला मात्र का ते सांगू नको.

तुझा, चिखलात अडकलेला
महारुद्र