केसाएवढी तार

१५ ऑक्टोबर २००७, सोमवार

गाडीने आजही ओढ घेतली नाही. दिवसभर बॉनेटखाली वाकून माझीच कंबर ओढली गेली.

बँकवाल्या जनार्दनकाकांची पांढरी टर्बो डिझेल. सपाटीवर ठीक, चढावर बैलगाडी! मागे काळा धूर. टर्बोची बारीक शिट्टी यायला पाहिजे ती येतच नाही. काकांना दसऱ्याला दुपारी सगळं घर घेऊन लातूरला निघायचंय. रोज फोन करतात, "झाली का रे बाळा?" बाळा म्हणे.

गॅरेजवाल्या सुखदेवजींनी सकाळीच सांगून टाकलं. "ये गाडी तेरी. मैं हाथ नहीं लगाऊंगा. बीच में छोडी, तो फिर आना मत."

त्यांना माहीत आहे माझं. पॉलिटेक्निक दीड वर्ष. जोहरी बाजारात रत्नांचे नग घासायचं काम अकरा महिने. बगरूला कापडावर ठशांची छपाई, आठ. इथे प्रताप नगरच्या गॅरेजात पाच होतील. मलाही माहीत आहे माझं. माझा दोस्त पवन पुढच्या बुधवारी ट्रक घेऊन कांडल्याला निघतोय, चल म्हणतो. समुद्र आहे तिथे! गाडी सुटली की मीही सुटेन.

बाबांना काही बोललो नाही. बोलून काय, ते पेपर खाली करणार, बघणार, पेपर वर करणार.

१६ ऑक्टोबर

सेन्सर शोधायला पुस्तक उघडलं तर सुखदेवजींनी ते मिटून त्यावर चहाचा ग्लास ठेवला. "हवा जिधर से जाती है, उधर से चल. आंख बंद."

मग काय, आंधळ्यासारखा नळी चाचपत निघालो. पुढे जाळीमागे गाडीचं नाक, तिथून हवा आत. मग फिल्टरचा डबा. डब्याच्या लगेच पुढे नळीत खोचलेला पहिला सेन्सर, हवा किती आली ते मोजणारा. हा सापडला. पुढे टर्बो, तो हवा कोंबतो. कोंबलेली हवा तापते म्हणून पुढे थंड करायची जाळी, आणि तिथून इंजिन. या शेवटच्या तुकड्यात कुठेतरी दुसरा सेन्सर आहे, हवेचा दाब सांगणारा. तो काही हाताला लागेना. हात भाजला तेवढा.

जाळीजवळच्या नळीची क्लिप ढिली, तेल पाझरलेलं. नवी आणायला सांगानेरला पाठवलं. येताना विमानतळाच्या भिंतीशी थोडा थांबलो. विमानं उतरताना बघत. तीही हवाच गिळतात, केवढी! मतलब तिथे कुणीतरी असाच हात घालून सेन्सर शोधत असेल का? एक उतरलं, दुसरं उतरलं... परतलो तेव्हा दोन तास झाले होते.

"आ गए मुसाफिर? क्लिप कहां है?"

क्लिप आणलीच नव्हती!

१७ ऑक्टोबर

क्लिप आणली. बसवली. अंग ठणकतंय.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

सापडला!! इंजिनच्या मागच्या अंगाला, जाड नळीखाली, एकाच स्क्रूवर. डोळ्यांना दिसतच नाही, हातालाच कळतो. मनगट सोलून निघालं. बाहेर काढला तर त्याचं तोंड काजळी आणि तेलाच्या काळ्या लगद्याने बुजलेलं. सहा महिने तोंडात बोळा कोंबलेल्या माणसाला विचारतोय आपण, बाबा दाब किती!

स्प्रे मारून धुतला, वाळवला, बसवला. गाडी ढाब्यापर्यंत नेली. शिट्टी आली! बारीक, पण आली. सुखदेवजी शेजारी बसून ऐकत होते. "आधी बीमारी गई. आधी है."

उरलेली अर्धी म्हणजे पहिला सेन्सर. फिल्टर एका कोपऱ्यात फाटलेला होता, इथली धूळ सरळ आत जात होती. उद्या तो.

आज पवनचा फोन आला होता. उचलायचा राहून गेला.

१९ ऑक्टोबर

फिल्टर नवा टाकला. पहिला सेन्सर बाहेर काढला. उजेडात धरला तेव्हा बघितलं, आत केसाएवढी तार. खरंच केसाएवढी. ती तापलेली असते, हवा जाते तशी थंड होते, त्यावरून इंजिनाला कळतं की डिझेल किती सोडायचं. एवढी मोठी गाडी त्या केसावर!

सुखदेवजींचे नियम: बोट नाही, कपडा नाही, फुंकर नाही. फक्त स्प्रे. मग आपोआप वाळू द्यायचा. "इसको पोंछा, समझ गया काम से."

पण वाळवायचा कुठे? गॅरेजसमोर रस्ता खणलाय, धुळीचे लोट. उद्या नवमी, गॅरेज बंद, त्यांच्याकडे कन्यांना जेवण असतं. शेवटी त्यांनी आपला जेवणाचा स्टीलचा डबा पुसून दिला. "घर ले जा. परसों सुबह लगाएंगे."

बसमध्ये डबा मांडीवर धरून आलो. कुणी धक्का दिला तर मीच ओरडत होतो.

घरी बाबांनी विचारलं, "काय आहे?" सांगितलं. तारही दाखवली. लांबून. ते चष्मा लावून बराच वेळ बघत होते.

२० ऑक्टोबर, खंडेनवमी

डोकं फिरलंय.

आई दर वर्षी आजच्या दिवशी हत्यारं पुजते. बाबांची रेल्वेच्या सिग्नलवरची पेटी, पक्कड, स्क्रूड्रायव्हर. शेजारी माझं जे काय त्या वर्षी असेल ते. एकदा कंपासपेटी होती. मग नग घासायची दांडी. गेल्या वर्षी बगरूचा लाकडी ठसा. दर वर्षी पाटावर नवी वस्तू, आणि बाबा तिच्याकडे बघून पेपर वर करतात.

अंघोळ करून आलो तर पाटावर मधोमध तो सेन्सर! हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल. आत बघितलं तर तारेजवळ लाल पूड.

ओरडलो. फार ओरडलो. "तुला कुणी सांगितलं होतं डबा उघडायला!"

आई म्हणाली, "तूच म्हटलं ना, सगळ्यात नाजूक हाच. मले वाटलं, मान याचाच."

बाबा पेपरामागून, "काहून ओरडतं तिच्यावर?"

तसाच निघालो. बस दिसली तिच्यात चढलो, बगरूला उतरलो. जुन्या छपाईवाल्यांकडे वाळत घातलेल्या कापडांमध्ये बसून राहिलो. उद्या लवकर जाऊन परत स्प्रे मारला की झालं, असं मनाला सांगत.

संध्याकाळी परत आलो तर सेन्सर डब्यात. एकदम स्वच्छ. कुंकवाचा कणही नाही. फुंकर मारली असणार आईने. आता काय विचारायचं!

२१ ऑक्टोबर, दसरा

बसवला. चावी फिरवली. गाडी आधीपेक्षा वाईट! धूर, धक्के, गेली बंदच पडून.

सुखदेवजींनी सेन्सर काढून भिंग लावलं. मग भिंग माझ्या हातात दिलं. तार तुटलेली. तुटल्या टोकाला कापसाचा पांढरा तंतू.

"पोंछा?"

आईचं नाव कसं घेणार? म्हटलं, "हां. मैंने."

"मैंने मना किया था?"

"हां."

त्यांनी आपला डबा घेतला, झाकण लावलं. "जा."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

नवा सेन्सर दिल्लीहून यायला तीन दिवस. काका सगळ्यांना घेऊन ट्रेनने गेले, उभ्याने. मला बाळा म्हणाले नाहीत.

घरी आईला एवढंच विचारलं, "कापूस लावला होतास?" तिने बाबांकडे पाहिलं. बाबा पेपरात. "असंल लावला," म्हणाली, आणि फुलवातींचा डबा उगाच सरकवून ठेवला.

इथे आपट्याची पानं मिळत नाहीत. आई कुठल्या तरी झाडाची सारखी दिसणारी आणते. मी सोनं घेतलं नाही.

२२ ऑक्टोबर

गेलो नाही. कुठेच. पवनला फोन केला, येतो म्हटलं. बुधवारी सकाळी क्वार्टरखाली येईल.

गंमत बघा. जायचंच होतं मला. आता जायला मिळतंय तर हात सारखे त्या नळीमागे जातात, झोपेतसुद्धा. नाक, डबा, तार, टर्बो, जाळी...

२३ ऑक्टोबर

पिशवी भरली. आईने न सांगता दशम्या केल्या. बाबा संध्याकाळी ड्युटीवरून उशिरा आले. बुटांना पिवळी माती. रेल्वेच्या आवारात तशी माती नसते. रस्ता कुठे खणलाय कोण जाणे, इथे सगळीकडेच खणलाय.

२४ ऑक्टोबर, बुधवार, सकाळ

दात घासत होतो. बाबा मागे येऊन उभे राहिले.

"ते तार म्या पुसली होती. काडीले कापूस लावून. आम्ही सिग्नलच्या रिलेचे पॉइंट पुसतो तशी."

मी वळलो नाही. आरशात बघितलं. त्यांच्या हातात पेपर नव्हता.

"तू पहिल्यांदा कामाची वस्तू घरी आणली. कुंकू राहिलं असतं त तुले बोलले असते तिथे."

मग म्हणाले, "काल जाऊन सांगितलं सुखदेवले. नवा आज येते दुपारी. बसवाले तू पाहिजे म्हणे."

खाली पवन हॉर्न वाजवतोय. वाजवू दे.